जयरामच्या मशीनचा आवाज

"याचा आवाज पहिल्यासारखा करून हवाय," शेवंतीवहिनी म्हणाली आणि खांद्यावरचा ग्रासकटर तिने आमच्या फळीवर आडवा ठेवला.

मी टाकी हलवून पाहिली, पातं हाताने फिरवून पाहिलं. "काय बिघडलंय?"

"काही नाय. दोरी ओढली की सुरू होतो. गवत कापतो. आवाज तेवढा त्याचा नाय."

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. मी तेवीस वर्षांची होते. शृंगारतळीच्या बाजाराबाहेर, रस्त्याला लागून, आमचं पत्र्याचं दुकान होतं. ग्रासकटर, फवारणीचे पंप, झाडं कापायच्या करवती, असली छोटी इंजिनं आमच्याकडे दुरुस्तीला यायची. बाबांना सगळे रघूमेस्त्री म्हणायचे. स्क्रू फिरवून इंजिनाचा आवाज बाबा लावायचे आणि मी त्यांच्या शेजारी उभी असायचे.

वहिनीच्या नवऱ्याला, जयराम भुवडला जाऊन तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. ऐन श्रावणात, बागेच्या उतारावर गवत कापताना पाय घसरला आणि पातं मांडीला लागलं. चिपळूणला पोचेपर्यंत अंगात रक्त राहिलं नव्हतं. हाच तो कटर. मला वाटलं, वहिनी विकायला घेऊन आली असेल.

"विकायचाय का?"

"नाय. रोज चालवते मी. दहा ते बारा."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. साडी वर खोचलेली आणि पायांत पुरुषी मापाचे काळे गमबूट. बुटांत तिचे पाय सैल हलत होते.

"सासऱ्यांना सांगितलेलं नाय अजून," ती हळूच म्हणाली. "डोळे तर पाच वर्षांपूर्वीच गेले. वैशाखात पडले, खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर आहेत. हृदय पण कमजोर. डॉक्टर म्हणाला, असला धक्का द्यायचा नाय. दिवसकार्य मी भावाकडे उरकलं. आबांना सांगितलं, पायाला लागलं होतं, टाके घातले, आता बरे आहेत."

"पण मुलगा घरात असून बोलत कसा नाही, असं आबा विचारत नाहीत?"

"बापलेकांचं बोलणं चार वर्षांपासून बंदच होतं. जयरामांनी बैल विकून हे मशीन आणलं, तेव्हापासून. एका घरात राहायचे, एकमेकांशी शब्द नाय. आबांना त्यांचा आवाज ऐकायची सवयच राहिली नव्हती. मशीन ऐकू आलं, बूट ऐकू आले, की मुलगा घरात आहे एवढं त्यांना कळायचं."

"म्हणून तुम्ही..."

"म्हणून मी मशीन चालवते, बूट घालून अंगणातून येते. त्यांच्यासारखी खाकरते. त्यांचं ताट दोन्ही वेळा वाढते." तिने मशीनवर हात ठेवला. "दोन महिने चाललं. ते गेल्यावर लगेच भावाने चिपळूणला नेऊन हे साफ करून आणलं होतं, तिथल्या माणसाने काय केलं कोण जाणे. इतके दिवस काही नाय, आणि परवापासून आबा म्हणतात, हा जयरामाचा आवाज नाय. हे कोण चालवतंय? मी काय सांगू, तूच सांग."

बाबा मागे एक पंप खोलून बसले होते. त्यांना यातलं काही कळलं नव्हतं. मी खांद्याला हात लावला तशी त्यांनी वळून पाहिलं, फळीवरचं मशीन ओळखलं आणि हात पुसत उठले. मी मान हलवून त्यांना बसवलं.

"हे इथे व्हायचं नाही," मी वहिनीला म्हटलं. "त्यांच्या कानाला पटलं पाहिजे. उद्या मी घरी येते."

भुवडांचं घर वाडीपासून दूर, कातळाच्या कडेला एकटंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीतून उतरून मी पाऊण तास चालले. ऑक्टोबरचं ऊन होतं, गवत कमरेएवढं आणि वर पिवळं पडायला लागलेलं. आंब्याची कलमं घराच्या मागे उतारावर होती. चिटपाखरू नव्हतं.

अंगणात पोचले तेव्हा वहिनी बागेकडून वर येत होती. तिने मला पाहिलं, पण ती थांबली नाही, बोलली नाही. ओठांवर बोट ठेवून ती तशीच चालत राहिली. डाव्या पायावर जोर देत, उजवा थोडा ओढत. पायरीशी आली, बूट दोनदा आपटले, खोल खाकरली. जयरामदादा दर पावसाळ्याआधी आमच्या दुकानात यायचा, त्याची चाल मला माहीत होती. क्षणभर मला वाटलं, मान वर केली तर त्याचंच तोंड दिसेल. मी खाली, बुटांकडे बघत राहिले.

ती आत गेली. आतून एक जाड, थकलेला आवाज आला, "पाणी दे त्याला." कोणाला उद्देशून, तेही कळेना. मग तांब्या ठेवल्याचा आवाज. थोड्या वेळाने वहिनी मागच्या दाराने अनवाणी फिरून आली आणि मोठ्याने म्हणाली, "आबा, मेस्त्रींची मुलगी आली आहे मशीन बघायला. हे गेले वरच्या बांधाला."

"बरं," आतून आवाज आला. "तिला इकडे खिडकीशी बसव."

धोंडूआबांची खाट खिडकीला लावलेली होती. खिडकीतून अंगण, पलीकडे बाग. डोळे उघडे होते, दुधासारखे. दोन्ही हात पांघरुणावर सरळ ठेवलेले.

"बाप नाय आला?"

"त्यांना काम आहे, आबा."

"मी सांगीन तसं करशील?"

"करीन."

"मग सुरू कर."

अंगणात जांभ्या दगडाचा एक मोठा चिरा होता. मी कटर त्यावर ठेवला, पातं रिकाम्या बाजूला केलं, वहिनीला दूर उभं राहायला सांगितलं. दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मशीन सुरू झालं.

असल्या मशीनला दोन बारीक स्क्रू असतात. एक पुऱ्या रेसचा, एक हळू चालतानाचा. स्क्रू बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, मशीन जडपणे घुरघुरतं, धूर टाकतं. आत घातला की पेट्रोल कमी होतं, हवा वाढते आणि मशीन उपाशी माणसासारखं चिडून, बारीक आवाजात पळायला लागतं. मधे कुठेतरी एक जागा असते. ती मोजून सापडत नाही, कानाने शोधायची असते. कान चुकला तर मशीन जळतं. एवढंच मी तोपर्यंत समजत होते.

मी रेस दिली. चिपळूणच्या माणसाने लावलं होतं ते खरं तर बरोबर होतं.

"हा नाय," खिडकीतून आवाज आला.

मी पुऱ्या रेसचा स्क्रू थोडा बाहेर घेतला. आवाज जड झाला.

"हा जुना आहे. पहिल्या वर्षाचा. तेव्हा त्याला चालवता येत नव्हतं, सारखं बंद पडायचं. ओढ्याकडे होता तो."

मला वाटलं, म्हातारा असंच काही बोलतोय. मी थोडा आत घेतला.

"हा दुसऱ्या पावसाळ्यातला. त्या वर्षी गुरवांच्या बागा पण त्यानेच कापल्या. लांबून यायचा हा आवाज, पण हाच."

पुन्हा थोडा आत. केसाएवढा.

"हा गेल्या वर्षीचा, गणपतीच्या आधीचा. शेवंती माहेरी होती. दोन दिवस घरात आम्ही दोघंच. सकाळी हा आवाज जायचा आणि संध्याकाळी यायचा. भात त्याने लावला होता. मी जेवलो, बोललो नाय."

मी एक केस फिरवला की म्हातारा खिडकीतून त्याच्या मेलेल्या मुलाचा एकेक दिवस काढून समोर ठेवत होता. मी वहिनीकडे पाहिलं. ती तोंडावर पदर धरून उभी होती.

"यातला कुठला ठेवू, आबा?" मी ओरडून विचारलं. "गणपतीचा ठेवू?"

"नाय. आत घे अजून."

"अजून आत घेतलं तर मशीन गरम होईल."

"घे."

मी घेतला. आवाज बारीक झाला, चढा. कुठलंही इंजिन या जागी आलं की मी मागे फिरते.

"अजून थोडं. आणि तो दुसरा पण. हळू चालतानाचा."

या म्हाताऱ्याने आयुष्यात ग्रासकटर हातात धरला नव्हता. दुसरा स्क्रू असतो, तो कशाचा असतो, हे त्याला कसं माहीत, असं माझ्या मनात आलं. जयरामदादा अंगणात वहिनीला हे स्क्रू समजावून सांगायचा, ते मला नंतर कळलं. तेव्हा फक्त हात चालत होते. दुसरा स्क्रू मी पाव फेरा आत घातला. मशीन कण्हल्यासारखं झालं आणि मग एका सरळ, पातळ आवाजावर जाऊन थांबलं. तो आवाज कुत्र्याच्या रडण्यासारखा होता, फक्त त्यात श्वास घ्यायला जागा नव्हती.

"हाच," आबा म्हणाले. "हा शेवटचा."

वहिनीच्या तोंडावरचा पदर खाली आला.

"आता रेसवरचा हात काढ," आबा म्हणाले.

मी काढला. रेस सोडली की आवाज खाली यायला हवा आणि पातं थांबायला हवं. आवाज जेमतेम खाली आला. पातं थांबलं नाही. चिऱ्यावर मशीन थरथरत होतं, थरथरत पुढे सरकत होतं, कोणाचाही हात नसताना, आणि पात्याचं चक्र उन्हात चकचकत फिरत होतं.

"काढलास का हात?"

"काढला."

"खरं सांग. तुझा हात नाय त्यावर?"

"नाही, आबा. माझे दोन्ही हात रिकामे आहेत."

"मग हे मशीन स्वतःच पळतंय."

"हो."

"बंद कर."

मी बटण दाबलं. मशीन बंद झालं नाही. पुन्हा दाबलं, दाबून धरलं. ते तसंच ओरडत राहिलं. आज मला त्याचं कारण माहीत आहे. असं उपाशी पळून इंजिन आतून लाल झालं की ठिणगीशिवायही पेट्रोल पेटत राहतं. पण तेव्हा हे मी फक्त ऐकून होते, पाहिलं नव्हतं. मशीन चिऱ्याच्या कडेला आलं होतं. वहिनी दोन पावलं पुढे आली, "थांबव, कुसुम, थांबव ते," म्हणाली. मी हवेच्या तोंडावरचं झाकण उपटलं आणि तळवा घट्ट दाबून धरला. तळव्याला आतून ओढ लागली. दोन क्षण, तीन. मग एक उचकी देऊन ते बंद पडलं.

इतकी शांतता मी त्यानंतर कधी ऐकली नाही.

"त्या दिवशी पण असंच झालं," खिडकीतून आवाज आला. "तो ओरडला. त्याच्यानंतर पण हे चालूच होतं. मी मोजत होतो. तो गप्प झाला, तरी हे चालूच होतं. मग पेट्रोल संपलं असेल."

वहिनी अंगणातच खाली बसली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"शेवंते, माझे डोळे गेलेत. बापाला मुलाचं ओरडणं कळत नाय काय?"

"मग दोन महिने..."

"तू माझ्यासाठी बूट घालून चालत होतीस. दुपारी त्याचं ताट वाढून परत मागच्या दाराने नेत होतीस. तुला कसं सांगू, की मला कळलंय? तुला तेवढाच आधार होता. आणि मला एक गोष्ट जाणून घ्यायची होती. म्हणून म्हटलं, हा आवाज त्याचा नाय. म्हटलं, मेस्त्रीकडून कोणीतरी येईल."

मी खिडकीशी गेले. ते माझ्याकडे बघत नव्हते, पण तोंड माझ्याकडे होतं.

"बैल विकून हे आणलं, तेव्हा मी त्याला बोललो होतो, याच मशीनखाली जाशील तू. म्हणून तो बोलायचा बंद झाला. त्या दिवशी सकाळी तो बूट घालत होता, मी खाटेवरून तेच परत बोललो. चार वर्षांत तेवढंच बोललो. तो गेला. मग मला मशीन ऐकू आलं, हे असं, किंचाळत. मला वाटलं, रागाने पुरी रेस देऊन चालवतोय. माझ्या बोलण्यावर चिडून. रागात पाय घसरला." त्यांचे हात पांघरुणावरून हलले. "तू आत्ता हात काढलास आणि तरी हे तसंच वाजलं. म्हणजे त्याचा हात नव्हता. राग नव्हता. बरोबर ना, बाय?"

"बरोबर," मी म्हटलं. "त्या सेटिंगला हात काढला तरी पातं फिरतच राहतं."

म्हाताऱ्याने श्वास सोडला. मी तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. तो मोकळा झाला होता, आणि पुढचं कोणी विचारलंही नव्हतं.

मग अंगणातून वहिनी म्हणाली, "मला बोलले होते ते. मशीन फार पळतंय, मेस्त्रींकडे परत न्यायला पाहिजे. मी म्हटलं, गवत वाढलंय, आजचा दिवस कापा, उद्या न्या." तिने मान वर केली. "चारच दिवस झाले होते तुमच्याकडून आणून, तोवर लांब दुसऱ्या वाडीत कापत होते. तू नव्हतीस तेव्हा. मेस्त्री एकटेच होते."

मी खेडला होते. मावशीच्या घरी मंगळागौर होती, आठ दिवस राहिले. त्या आठ दिवसांत दुकान बंद ठेवा, असं मी बाबांना सांगून गेले होते, आणि ते मान हलवून हो म्हणाले होते.

माझ्या बाबांना दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं.

हे कोणालाच माहीत नव्हतं. कानाने इंजिन लावणारा मेस्त्री बहिरा झाला, हे कळलं असतं तर दुकानाची पायरी कोण चढलं असतं? म्हणून मी शेजारी उभी राहायचे. बाबा स्क्रू फिरवायचे आणि आवाज जागेवर आला की मी खांद्याला हात लावायचे. गिऱ्हाईकांना वाटायचं, मुलगी शिकते आहे. ज्या आठवड्यात खांद्याला हात लावायला मी नव्हते, त्या आठवड्यात बाबांनी जयरामच्या मशीनचे स्क्रू फिरवले होते, आणि पुरेसं वाटलं तिथे थांबले होते.

"आबा," मी म्हटलं, "तो आवाज माझ्या बाबांनी लावला होता. त्यांना ऐकू येत नाही. मला माहीत होतं. मी लपवलं."

बागेत एक फांदी हलली आणि थांबली. वहिनी उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं ती मारेल. तिने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बोटांचे वळ दोन दिवस होते. मग सोडलं.

"आबा, काही बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?" आबा म्हणाले. "शेवंते, ते बूट आता घालू नकोस. टाच सोलली असेल तुझी." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "बापाला सांगशील?"

"सांगते."

"त्याला म्हणावं, इथे येऊन जा."

घरी आल्यावर मी बाबांच्या समोर बसले. त्यांना ओठ वाचता यायचे. मी एकेक शब्द सावकाश सांगितला. मधे त्यांनी एकदाच हात वर केला आणि म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. ते जेवले नाहीत. सकाळी पहिल्या गाडीने एकटेच गेले. मी बरोबर येते म्हटलं, तर नको म्हणाले.

तिथे काय झालं ते मला वहिनीने पुढे सांगितलं. बाबा खाटेजवळ जमिनीवर बसले. आबा त्यांच्याशी बोलत राहिले, हे माहीत असून की त्यांना ऐकू येत नाही. बाबा रडत राहिले, हे माहीत असून की आबांना दिसत नाही. दुपारी आबांनी वहिनीला पाणी तापवायला सांगितलं. बाबांनी त्यांना उचलून मोरीत नेऊन बसवलं, आणि आबांनी दोन महिन्यांनी मुलाच्या नावाने अंगावर पाणी घेतलं. त्या दिवसापासून घरात जयरामचं ताट वाढलं गेलं नाही.

बाबांनी परत आल्यावर बाजारात स्वतः सगळ्यांना सांगितलं की मला ऐकू येत नाही. कितीतरी गिऱ्हाईकं तुटली, काही मला शोधत परत आली. त्यानंतर बाबांनी कुठल्याही मशीनच्या स्क्रूला हात लावला नाही. ते सुटे भाग धुवायचे, पाती घासायचे. आबा आणखी दोन पावसाळे काढून गेले.

वहिनीने मशीन विकलं नाही. बाग तिचीच होती आणि गवत कापायलाच लागायचं. अजूनही मे महिना संपता संपता ती कटर घेऊन दुकानात येते. मी लावते. मग मशीन जमिनीवर ठेवून पुरी रेस देते आणि हात काढून घेते. पातं फिरायचं पूर्ण थांबेपर्यंत आम्ही दोघी तिथे उभ्या राहतो.